घागरीची टाकी

सांगली, नागपंचमी, १९४५

पुण्याच्या लष्करी इस्पितळात मुक्कामी असलेल्यांना अंजनाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं आणि ते मी स्वतः वाचलं. तुम्ही फौजेत गेलात तेव्हा तुमची पत्रं पोस्टमास्तर वाचून दाखवायचे. मी मान खाली घालून ऐकायची आणि रांगेतली माणसंही ऐकायची. ते बघून शालूवहिनींनी पाटी आणली. त्या चौथी पास. पेठेत हळद निवडून आले की त्यांच्या मालकांच्या, हंबीरदादांच्या, सायकलच्या दुकानामागच्या पडवीत मी बाराखडी गिरवायची. हे तुम्हाला कळवलं नव्हतं. घरी याल तेव्हा वाचून दाखवून चकित करणार होते. पाकिटावर तुमचं नाव मात्र वहिनींनी घातलं आहे, ते माझ्या हातून होत नाही. कागदाच्या कोपऱ्याला पिवळं दिसेल ते मंगलपत्रिकेसारखं मुद्दाम लावलेलं नाही, माझ्या बोटांचं आहे.

तुम्ही लिहिलंत, इटलीत फटफटी सुरुंगावर गेली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि देवाला हात जोडले. लिहिणारा हात आहे, बघणारे डोळे आहेत, आणि पुण्यात आहात, समुद्रापलीकडं नाही. माझ्याबरोबर हळद निवडणाऱ्या राहीबाईला नुसती तार आली होती. तिच्या शेजारी बसले की मला माझ्या नशिबाचा संकोच वाटतो, इतकं ते चांगलं निघालं.

मग पुढचं वाचलं. 'मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही. तू तरुण आहेस, पोरबाळ नाही. काडीमोड घे. आबांना तसं कळवलं आहे. सिद्धनाथाच्या यात्रेत आपले पंच बसतील तेव्हा मोकळी हो.' याचं उत्तर मी आज देत नाही. यात्रा मार्गशीर्षात आहे.

एक विचारायचं आहे. पाचगणीच्या म्हाताऱ्या पारशी साहेबांच्या रेसच्या मोटारसायकलीजवळ तुम्ही उभे आहात, तो फोटो माझ्याकडंच आहे. साहेबांनी तरुणपणी ती शर्यतीत पळवली आणि म्हातारपणी सांभाळायला तुमच्या हाती दिली. फोटोत तुमच्या कानामागं ज्वारीची काडी आहे. टाकीत बुडवून पेट्रोल किती उरलं ते तुम्ही तिनं बघायचात. फोटोत गाडीची उजवी बाजू दिसते. डाव्या बाजूला काय काय होतं ते कळवा. कशासाठी ते मागून सांगते.

तुमची अंजना


सांगली, ३० ऑगस्ट १९४५

नमस्कार.

उत्तर आलं नाही. इस्पितळात रोज पट्ट्या बदलत असतील, सवड नसेल, असं मी स्वतःलाच सांगते.

लढाई संपली म्हणून पेठेत व्यापाऱ्यांनी गूळ वाटला. मी माझा खडा खाल्ला नाही, फोटोपुढं ठेवला. मुंग्यांनी संपवला.

आता कशासाठी ते सांगते. तुमचं पत्र आल्यावर मी डावा पाय मागं दुमडून पदरानं बांधला आणि दुकानातली एक सायकल घेऊन बसायला गेले. दार लावून घेतलं होतं. बघावं म्हटलं, एका पायाच्या माणसाला नक्की कुठं अडतं. पहिल्याच खेपेला मी सायकलीसकट पंपावर पडले. आवाजानं हंबीरदादा धावत आले, मागून शालूवहिनी.

दादा म्हणाले, "आगं पोरी, काय चाललंय हे? पाय कुटं गेला?"

"बांधलाय."

"कशापाय?"

मी सांगितलं. दादांनी सायकल उभी केली, मागून धरली आणि म्हणाले, "चड. आता मी धरतो." वहिनी म्हणाल्या, "आवं, बाईमाणसाला सायकलीवर बसवताय?" दादा म्हणाले, "कासोटा घातलाय तिनं. तुज्या बापाच्या धोतरापरास बरा हाय."

बऱ्याच वेळा चढले, बऱ्याच वेळा पडले. पण कळलं ते हे. पायडल मारणं तेवढं अवघड नाही, बसणं अवघड आहे आणि थांबणं त्याहून. सायकलची सीट उंच, एका पायाच्या माणसाला टेकायला जमीन लांब. टांग टाकून चढायची तर खाली उभं राहायला दुसरा पाय हवा. मग मी फोटो आणून दादांपुढं धरला. रेसची मोटारसायकल कशी लांब आणि बुटकी आहे! साहेब तिच्यावर बसत तेव्हा त्यांचे दोन्ही पाय जमिनीला पुरत, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

दादांनी फोटो उजेडात धरला. "ही आसली सायकल करायची?"

"व्हय."

"ही सायकल न्हाई गं, घोरपड हाय." पण फोटो त्यांनी परत दिला नाही. आता तो दुकानात मोळ्याला अडकवला आहे. तुम्ही दिवसभर पंक्चरं बघत असता.

डाव्या बाजूचं कळवा.

अंजना


सातारा, २० सप्टेंबर १९४५

नमस्कार.

हे पत्र साताऱ्याहून. हंबीरदादांबरोबर आले आहे, त्यांच्या मावशीकडं उतरलो आहोत. काय काम ते सांगते, पण आधी सांगाड्याचं.

दादांनी दोन मोडक्या सायकली कापून एक केली. मधल्या दांड्या दोन, एकीखाली एक, फोटोतल्यासारख्या. सीट मागं आणि इतकी खाली, की मी बसले तर पाऊल सपाट टेकतं. पुढच्या चाकाचा चिमटा दुहेरी, त्यात मोडक्या टांग्याच्या गादीतल्या स्प्रिंगा. हँडल लांब आणि मागं वळलेलं. मागच्या चाकाचं फ्रीव्हील काढून त्यांनी घट्ट चक्र बसवलं. आता चाक फिरतं तोवर पायडल फिरतं. एका पायानं खाली दाबलं की ते आपलं आपण वर येतं. उजव्या पायडलावर पाऊल अडकवायला चामड्याचा पट्टा आहे. हे दादांचं डोकं, माझं नाही. मी फक्त पाय बांधून चढते आणि कुठं अडतं ते सांगते. पेठेत आता बाया मला 'लंगडी राणी' म्हणतात.

सायलेन्सरच्या नळीसाठी वहिनींनी आपला जुना बंब दिला. दिला म्हणजे दादांनी नेला, त्या बघत राहिल्या, आणि तेव्हापासून दादा गार पाण्यानं अंघोळ करतात. उजव्या बाजूला ती नळी शोभते. डाव्या बाजूचं तुम्ही काही कळवलं नाही, म्हणून तिकडंही तशीच लावायची ठरली आहे. दादा म्हणाले, "बैलगाडीला डावं उजवं सारकंच आस्तं." दुसऱ्या नळीसाठी शेजारच्या मनुबाईच्या बंबावर त्यांचा डोळा आहे. ती बंब आत घेऊन झोपते.

आता साताऱ्याचं काम. दोन दांड्यांच्या मधे टाकी हवी. टाकीशिवाय ती मोटारसायकल दिसतच नाही. दादा पत्र्याची नुसती देखाव्याची करणार होते, पण लढाईपायी पत्रा मिळत नाही. माझी लग्नातली तांब्याची घागर होती. ती घेऊन आम्ही इथल्या केरबा तांबटांकडं आलो.

तुम्हाला राग येईल, माहेरची घागर मोडली म्हणून. आईनं ती देताना म्हटलं होतं, "माणदेशात दिलीय तुला, पानी लांबनं आनायचंय, घागर चांगली आसावी." पण सांगलीत कृष्णेला पाणी आहे आणि घागर फळीवर बसून होती.

केरबांनी घागर वाजवून बघितली. "चांगली हाय की. मोडायची कशाला?"

दादांनी फोटो दाखवला. "आशी टाकी. खालनं उगडी ठेवली तरी चालंल. देकाव्याची हाय."

केरबांनी फोटो खाली ठेवला. "देकाव्याचं भांडं म्या करीत न्हाई."

"आवं, भांडं न्हाई ते. टाकी."

"पोट हाय, तोंड हाय, मंजे भांडंच. गळकं भांडं माज्या हातनं जानार न्हाई. लोक काय म्हनतील, केरबाची घागर गळती?"

दादांनी समजावलं, मी समजावलं. शेवटी त्यांच्या मनासारखं झालं. सांधे झाळून पक्के केले, तोंडाला फिरकीच्या तांब्यासारखं आट्याचं झाकण बसवलं, पाणी भरून ती उलटी टांगून ठेवली. थेंब गळला नाही. आणि वर सगळीकडून मठार दिला! घागरीवर असतात तशा ठोक्यांच्या चांदण्या. दादा कळवळले, "आवं, रेसच्या गाडीची टाकी गुळगुळीत आसती!" केरबा म्हणाले, "मग तुमच्या साहेबाला तांबट मिळाला न्हाई."

मला ती बघून हसू येतं आणि मग हात लावावासा वाटतो. उद्या सांगलीला परत.

अंजना


सांगली, दसऱ्याचा दुसरा दिवस

नमस्कार, आणि पोचलेल्या कार्डाबद्दल आणखी एक नमस्कार.

चार ओळींचं कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुम्ही लिहिलंत: 'फोटो बघून गाडी करणाऱ्यांनो, डाव्या बाजूला नळी नव्हती. डावीकडं फक्त साखळी होती, बाकी मोकळं. दोन्हीकडं नळ्या लावाल तर गाढवावर पखाली टाकल्यासारखी दिसेल. मनुबाईचा बंब मनुबाईला असू द्या.' खाली सही नाही, खुशाली नाही, काडीचा विषय नाही. पण तुम्ही रागावलात! मला केवढा धीर आला. ज्याला कशाचं काही वाटत नाही तो माणूस नळीवरून रागावत नाही.

दादांनी मोठ्यानं वाचलं आणि फोटोकडं बघून म्हणाले, "आता बोललास व्हय रं? गप बसला हुतास तवर बरा हुतास." मग डाव्या बाजूचे नळी अडकवायचे आकडे त्यांनी कापून टाकले. आता ती बाजू मोकळी आहे.

खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा झाली. पाने, हातोडे, पंप, सगळ्यांना हळदकुंकू, आणि मधोमध तुमची गाडी. वहिनींनी हँडलला झेंडूची माळ घातली आणि नळीकडं बघून म्हणाल्या, "माझ्या बंबाचीबी पूजा झाली म्हणायची."

पण दसऱ्याच्या दिवशी मामंजी आले. म्हसवडहून इतक्या लांब. घोंगडं काखेत, पायात धूळ. मला वाटलं सोनं द्यायला आले. त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि दुकानाच्या पायरीवरच बसले.

"लेकी," ते म्हणाले, "त्याचं पत्र आलंय. तुलाबी आलं आसंल."

"आलंय."

"तुजा भाऊ येऊन गेला माज्याकडं. दिघंचीला येक जागा हाय म्हनं. मानूस बरा हाय, मेंढरं लय हायेत. तुजा पाट लावून देतो म्हनाला."

हे मी तुम्हाला मागल्या पत्रांत कळवलं नव्हतं. भावानं मलाही विचारलं होतं. मी त्याला नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. नाही म्हणायला तुमचा आधार हवा होता, आणि तुमच्याकडून तर 'मोकळी हो' एवढंच आलेलं.

मामंजी खाली बघत राहिले. म्हणाले, "मला काडी मोडायची हौस न्हाई. पर पोरगं सवता म्हनतंय. आनि तू किती दीस हितं हळद निवडत बसनार? सुनंला अडकवून ठेवलं आसं माज्या तोंडावर कुनी म्हनू ने."

म्हातारा माझ्याच भल्यासाठी इतकी वाट चालून आला होता. त्याच्यावर मी कशी रागावू? मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. मग म्हणाले, "मामंजी, पंच बसू द्या. मी यीन. पर काडी त्यांच्या हातानं मोडायला पायजे का न्हाई?"

"व्हय. नवऱ्याच्या हातानंच."

"मग त्यांना या म्हनावं. कागदानं काडी मोडत न्हाई."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मग गाडीकडं गेले, टाकीवर हात फिरवला, झाकण काढून आत डोकावले. "हिच्यात पेट्रोल घालायचं?"

दादा म्हणाले, "न्हाई आबा, ती पेट्रोलवर चालत न्हाई. भाकरीवर चालती."

मामंजी हसले. तुमच्या पत्रानंतर पहिल्यांदाच हसले असतील. जाताना म्हणाले, "मी लिवायला सांगतो त्याला, ये म्हनून."

मीही तेच लिहिते. या. मोडायची असेल तर येऊन मोडा.

अंजना


सांगली, भाऊबीज

नमस्कार.

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. 'यात्रेला आठवड्याची रजा मिळेल. लोणंदला उतरतो. पंचांपुढं येतो आणि तुला मोकळी करतो. गाडीचं नाव काढू नका.' तुम्ही येताय, एवढं मी घेतलं. बाकीचं तुमच्याकडं असू द्या.

आज भाऊ आला होता. ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं ठेवलं आणि विचारलं, "दिघंचीवाल्याला काय सांगू?" मी लुगडं परत केलं. म्हटलं, "औंदाची ओवाळनी मंजे यात्रंपतोर काय सांगू नको." तो चिडला. "आनि बिराप्पानं काडी मोडली तर?" मी म्हटलं, "तर तू म्हनशील तितं यीन." तो लुगडं ठेवूनच गेला. माझा भाऊ चांगला आहे. माझ्या वाट्याला सगळी माणसं चांगलीच आली आहेत, म्हणूनच सगळं अवघड झालं आहे.

ते तुम्हालाही सांगते, म्हणजे उघड बोलणं राहील. तुम्ही काडी मोडलीत तर मी पाय धरणार नाही, पंचांपुढं रडणार नाही. दिघंचीला जाईन आणि दुसऱ्याची मेंढरं राखीन. पण माझी घागर आता टाकी झाली आहे, ती परत घागर होणार नाही. ती तुमच्याकडंच राहील.

गाडी रेल्वेनं लोणंदला आणतो. दादा बरोबर आहेत. तुम्ही बसलाच पाहिजे असं नाही. एकदा बघा. डाव्या बाजूला नळी नाही.

अंजना


म्हसवड, डिसेंबर १९४५

नमस्कार.

तुम्ही पुण्याला पोचला असाल. लाकडी पायाचं माप घ्यायला डॉक्टर थांबले होते म्हणून तुम्ही यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी निघालात. जाताना बोलायला झालं नाही. घर पाहुण्यांनी भरलं होतं. म्हणून जे तोंडानं सांगायचं होतं ते लिहिते. यातलं निम्मं तुमच्यासमोरच घडलं, पण माझ्या जागेवरून कसं दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

लोणंदला गाडी थांबली तेव्हा तुम्ही कुबड्या घेऊन उतरलात आणि आधी माझ्याकडं बघितलं नाही. सायकलीकडं बघितलं. पुष्कळ वेळ. आगगाडी निघून गेली तरी बघत होतात. इतक्या महिन्यांनी तुमच्या तोंडून पहिला शब्द ऐकला तो, "टाकीला मठार?" मला रडू यायचं होतं, ते हसण्यात गेलं.

दादा म्हणाले, "बस गड्या."

तुम्ही म्हणालात, "पडंन."

"पड की! पडायला दोन पाय कशाला लागत्यात?"

स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत तुम्ही पडलातही. दोनदा मी डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला उघडे ठेवले. तुम्ही बसलात, पाऊल सपाट टेकलं, पट्ट्यात अडकवलं, दादांनी ढकललं, आणि गाडी गेली. पाठ वाकलेली, हात लांब, फोटोतल्या साहेबांसारखे. दादा मागून ओरडत होते, "अगाऽऽ, घोरपड पळाली!" त्यांच्या डोळ्याला धार लागली होती. वहिनींना सांगू नका म्हणाले, म्हणून तुम्हाला सांगते.

मग मी स्टेशनच्या नळावर टाकी भरली. तुम्ही विचारलंत, "ह्ये काय करतीस?" मी म्हटलं, "केरबांनी गळकं भांडं करून दिलं न्हाई. मग रिकामं कशाला न्यायचं?"

सर्व्हिस मोटारीच्या टपावर गाडी टाकून गोंदवल्यापर्यंत आलो. तिथं मामंजींची बैलगाडी उभी होती. तुम्ही म्हणालात, "सायकल खाली घ्या." दादा आणि मी बैलगाडीत, तुम्ही पुढं. तुम्ही दिसेनासे व्हायचात आणि मग पुढच्या मोरीवर पाय टेकून थांबलेले असायचात. आम्ही आलो की परत निघायचात. लग्नानंतर पहिल्यांदा पाचगणीला नेलंत तेव्हाही असंच पुढं चालायचात आणि थांबायचात. मला वाटलं होतं, ते आता संपलं.

माळावर हरणाबाई भेटली, मेंढरांमागं. म्हातारीच्या हातातला तांब्या रिकामा होता. तिनं तुम्हाला हाक मारली, "ए फटफटीवाल्या, पानी हाय का रं?" आम्ही मागं होतो, पण ऐकू आलं. तुम्ही गाडी टेकवलीत, झाकण काढलंत, गाडी कलती करून तिचा तांब्या भरलात. ती प्यायली, आणखी मागितलं, मग कोकराला पाजलं. म्हणाली, "लय झ्याक हाय रं गाडी. समद्या गाड्या धूर सोडत्यात, हिच्यात पानी हाय." तुमच्या पायाकडं तिनं बघितलंच नाही. बैलगाडीत दादा मला म्हणाले, "कुनाच्या उपेगाचा न्हाई म्हनत हुता न्हवं?" मला केरबांचे हात आठवत होते.

पंच बसले ते देवळाबाहेर, पिंपळाखाली. रथ ओढून झाला होता, गुलालानं सगळे लाल. माझा भाऊ एका बाजूला. मी बायकांत बसले. माझा तुमच्यावर विश्वास होता असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. वाटेत तुम्ही काडीबद्दल एक अक्षर बोलला नव्हतात, आणि शब्दाला तुम्ही पक्के, हे मला ठाऊक होतं. मी भावाचं लुगडं पिशवीत घेऊन आले होते. सुतक्या तोंडानं जायचं नाही असं ठरवलं होतं.

तुम्ही गाडीवर बसूनच आलात. उतरला नाहीत. माणसं बाजूला झाली. पाय टेकून तुम्ही पंचांपुढं थांबलात. मामंजींनी ज्वारीची काडी आणली. ते म्हणाले, "बिराप्पा, पंचांम्होरं तुज्या मनातलं बोल आनि काय ते कर."

तुम्ही काडी घेतलीत. दोन बोटांत फिरवलीत. माझ्या शेजारी तुमच्या आई बसल्या होत्या, आत्याबाईंनी माझा हात धरला. कुणाचा हात जास्त गार होता ते आता आठवत नाही. मग तुम्ही खाली वाकलात, टाकीचं फिरकीचं झाकण काढलंत, काडी आत बुडवलीत, बाहेर काढलीत आणि उजेडात धरलीत. जिथवर ओली तिथवर बोट लावलंत. अगदी पाचगणीसारखं.

म्हणालात, "आबा, आर्धी टाकी हाय आजून. लांब जातंय."

आणि काडी कानामागं खोवलीत.

पंचांना काही समजलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "मोडली का न्हाई?" हंबीरदादा मागून ओरडले, "मापली! मापली!" बायकांत पहिल्या आत्याबाई हसल्या, मग सगळ्या. माझा भाऊ उठला, तुमच्यापाशी आला, टाकीवर थाप मारली आणि मला म्हणाला, "लुगडं नेस की आता. पिशवीत कशाला ठिवलंस?" तुम्ही पुढं बघत होतात, मामंजी कुठं गेले ते तुम्हाला दिसलं नाही. ते पिंपळामागं जाऊन घोंगड्यानं तोंड पुसत होते.

तुम्ही गेल्यावर पंचांनी निरोप पाठवला, की बैठक झाली पण निकाल लागला नाही, तेव्हा काडी परत करावी, पुन्हा कधी लागली तर. तुम्ही ती निघताना ओट्यावर ठेवली होतीत. मी शोधायला गेले तर मामंजींचं कोकरू तिथं उभं राहून तोंड हलवत होतं. मी तसं कळवलं. पंच म्हणाले, मग नाईलाज आहे.

हंबीरदादा आणि वहिनी, केरबा, मामंजी, आत्याबाई, भाऊ, एवढंच काय ती हरणाबाई, या सगळ्यांचे उपकार आहेत. पण तुमचे जास्त. तुम्ही रागावून कार्ड लिहिलंत. ते लिहिलं नसतंत तर डाव्या बाजूला आज मनुबाईचा बंब असता.

एक काम आहे. दादा विचारतात, लाकडी पावलाची लांबी-रुंदी किती? त्याच्या मापाची वाटी करून डाव्या पायडलावर बसवायची आहे. माप डॉक्टरांकडून नीट घेऊन कळवा. ती बाजू मोकळीच ठेवली आहे.

वहिनी इथं नाहीत, म्हणून पाकिटावर आज मीच नाव घातलं आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर हसू नका.

तुमची
अंजना